चंदीच्या बिगुलावरचा हल्ला

आमच्या रुमेलफेल्ड गावात नाट्यगृह होते, म्हणजे ‘तपकिरी हरीण’ खानावळीचा मागचा दिवाणखाना होता. तिथे तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची कप्तान योब्स्ट फॉन वेल्केनो यांची. नाटक शोकांत असो की फार्स, ते गुडघे जुळवून, पाठ ताठ ठेवून बघायचे. पडदा पडला की बरोबर चार मिनिटांनी रंगपटाच्या दारावर तीन टकटक.

मी तेव्हा लेफ्टनंटांच्या भूमिका करीत असे. एकोणीस वर्षे केल्या. माझ्या अंगात नाटकातला कोट असेपर्यंत कप्तानसाहेब मला ‘लेफ्टनंट’ म्हणत. कोट खुंटीला गेला की मी ‘ब्रोझे’.

“लेफ्टनंट, दुसऱ्या अंकात वडील गेल्याचं कळलं तेव्हा तुमच्या डोक्यावर टोपी नव्हती. तरी सलाम ठोकलात.”

“साहेब, दुःखात होतो.”

“दुःखातसुद्धा टोपीशिवाय सलाम नाही. टाचा जुळवायच्या, मान झुकवायची. मग रडायचं.”

मी तसे करून पाहिले, आणि खरे सांगतो, पुढच्या प्रयोगाला त्या जागी बायकांनी रुमाल काढले. तेव्हापासून हा माणूस मला आवडू लागला. त्यांची गोष्ट मी सांगतो आहे ती थोडी त्यांच्याच तोंडून, बरीचशी बिगुलवाल्या लेमकेच्या तोंडून आणि शेवटची माझ्या डोळ्यांनी पाहिलेली.

पोमेरेनियातल्या एका छोट्या जहागिरीतले ते तिसरे पुत्र. तिथली रीत अशी की पहिल्याला जमीन, दुसऱ्याला चर्च आणि तिसऱ्याला घोडा. दहाव्या वर्षी त्यांना कॅडेटांच्या शाळेत पोचवले. आई दर रविवारी पत्र लिहायची. मुलाचे उत्तर रकान्यांत यायचे: ‘प्रकृती: चांगली. वर्तन: चांगले. आठवण: येते.’ एकदा आठवणीच्या रकान्यात ‘फार’ असे लिहिले होते, तर शिक्षकांनी तो शब्द अनावश्यक म्हणून खोडला. त्या शाळेत पोरगा एक गोष्ट पक्की शिकला. जे घडले ते लिहायचे, आणि जे लिहिले आहे ते करायचे. आपल्या राज्यात बाकीचे सगळे अधिकारी हे वाक्य भिंतीवर टांगतात. ह्यांनी ते खरे मानले, तिथेच घोटाळा झाला.

ऑस्ट्रियाशी लढाई झाली तेव्हा ते नुकतेच रिसाल्यात लागले होते. लढाईच्या दिवशी त्यांची तुकडी राखीव म्हणून एका बीटाच्या शेतात उभी होती. संध्याकाळपर्यंत घोड्यांनी ते शेत फस्त केले, आणि रिसाल्याच्या निशाणावर त्या लढाईचे नाव जरीने विणले गेले.

मग लग्न ठरले. औषधवाल्यांची हेडविग, गोरी, ठसठशीत, हसली की दुकानातल्या बरण्या किणकिणायच्या. पण अधिकाऱ्याच्या लग्नाला राजाची परवानगी लागते. कप्तानसाहेबांनी, म्हणजे तेव्हाच्या लेफ्टनंटांनी, अर्ज केला. अर्ज परत आला, समास कमी सोडला म्हणून. पुन्हा केला. असे करता करता परवानगी हाती आली तेव्हा हेडविगबाई पोस्टमास्तरांच्या घरी सूप ढवळत होत्या. लेफ्टनंट परवानगीचा कागद घेऊन तिला दाखवायला गेले.

“आता हो काय उपयोग याचा, योब्स्ट?” ती म्हणाली.

“उपयोग नाही. पण मिळाली, हे तुला कळवणं भाग होतं.”

आता फ्रान्सची गोष्ट. ती मला लेमकेने सांगितली. लेमके रिसाल्यातून सुटल्यावर आमच्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात बिगुल वाजवायचा आणि मध्यंतरात धुरावलेल्या बदकाचे मांस खायचा, त्यामुळे तिसऱ्या अंकात त्याचा बिगुल जरा तेलकट निघायचा.

सत्तर सालचा डिसेंबर. तुकडीचे कप्तान हगवणीने आडवे झालेले, म्हणून तुकडी लेफ्टनंट वेल्केनोंच्या हाती. एकशेतीस घोडे व्हिलरोश नावाच्या गावाबाहेर एका खोलगट जागेत उभे. दोन दिवस पोटात दाणा नाही. चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या दाण्याच्या, गाड्या मागे कुठेतरी चिखलात रुतल्या होत्या. समोर हजार पावलांवर एक मोठी शेतवाडी, तिच्यात फ्रेंच शिपाई आणि दोन तोफा. आणि त्याच वाडीच्या कोठारात ओट भरलेले. वारा तिकडून येत होता.

“आणि मग?” मी विचारायचो. मला ठाऊक असायचे तरी विचारायचो.

“मग काय, अकरा वाजले,” लेमके म्हणायचा. “साहेबांचा कायमचा हुकूम होता, रोज अकराला चंदीचा बिगुल, कुठेही असलो तरी. गावातल्या पागेत दिलेला. रद्द कुणी केलाच नव्हता. मी घड्याळ बघितलं आणि वाजवला.”

“अरे, पण समोर शत्रू!”

“हुकुमात शत्रूबद्दल काही नव्हतं.”

रिसाल्यातल्या घोड्याला हल्ल्याचा बिगुल कळतो असे लोक म्हणतात. कळत असेलही. पण चंदीचा बिगुल त्याला आईच्या हाकेसारखा कळतो. एकशेतीस घोड्यांनी एकदम माना वर केल्या, ओटांच्या वासाकडे वळवल्या आणि निघाले. रांग नाही, शिस्त नाही. कुणाची रिकीब सुटलेली, कुणी खोगिरावर उलटा, कुणी घोड्याच्या मानेला मिठी मारून देवाचे नाव घेतोय. लेफ्टनंट वेल्केनोंनी तलवार उपसली ती ‘थांबा’ म्हणायला. मागून बघणाऱ्यांना ती ‘चला पुढे’ अशी दिसली.

फ्रेंचांनी बरेच हल्ले पाहिले होते, असा पाहिला नव्हता. हे लोक जगण्याला इतके विटले आहेत की उलटे बसून येतात, हे बघून त्यांनी तोफा सोडल्या आणि पळ काढला. साडेअकरापर्यंत वाडी आपली झाली. सेनापती आले तेव्हा घोडे कोठारात गळ्यापर्यंत ओटांत होते.

लेफ्टनंटांनी त्याच दिवशी अहवाल लिहिला: ‘अकरा वाजता चंदीचा बिगुल वाजला. घोडे निघाले. मी त्यांना थांबवू शकलो नाही. वाडी ताब्यात आली.’

अहवाल वरून परत आला, ‘भाषा सुधारावी’ असा शेरा मारून. त्यांनी एक स्वल्पविराम बदलून पुन्हा पाठवला. तिसऱ्यांदा परत आल्यावर दुसऱ्याच कुणीतरी नवा लिहिला. त्यात ‘लेफ्टनंट फॉन वेल्केनो यांनी गर्जना करून हल्ल्याचा बिगुल वाजवण्याचा हुकूम दिला’ असे होते. छातीवर लोखंडी क्रॉस आला. कप्तानी आली. आणि पंधरा वर्षे तिथेच अडकली.

आमच्याकडे त्या जागेला ‘मेजरचा कोपरा’ म्हणतात. कप्तान त्या कोपऱ्यावरून वळला की मेजर. नाही वळला की घरी. घरी कसा, तर एक दिवस निळे पाकीट येते. आत कुणी रागावलेले नसते. आपली प्रकृती बरी नाही असे कळते, तरी आपणच निवृत्तीचा अर्ज करावा, इतकेच. त्या निळ्या पाकिटाने जितके अधिकारी आजारी पडले तितके कॉलऱ्याने पडले नसतील.

कप्तानसाहेबांना मेजर व्हायचे होते. हे त्यांनी कधी लपवले नाही. दहाव्या वर्षापासून त्यांना दुसरे घर नव्हते. पागा, मैदान, अधिकाऱ्यांच्या जेवणघरातली खिडकीजवळची जागा. मेजर झाले तर ते सगळे राहणार, नाही तर एका दिवसात जाणार. गावात सगळ्यांना ठाऊक होते की यंदा इकडे किंवा तिकडे.

यंदा रिसाल्याला सत्तर वर्षे भरत होती. कर्नल फॉन ष्ट्रेलिन यांनी रिसाल्याचा इतिहास छापायला घेतला होता, तीनशे प्रती, सोनेरी कडा. आणि उत्सवाला बर्लिनहून एक जनरल येणार होते. त्यांच्यासमोर व्हिलरोशचा हल्ला मैदानावर करून दाखवायचा. फ्रेंच कोण? आम्ही नाटकवाले. सात जण, लाल विजारी, लाकडी बंदुका आणि मागे कापडावर रंगवलेली वाडी. मी फ्रेंच मेजर. फ्रेंचांत मला बढती लगेच मिळाली.

तालमीच्या वेळी कर्नलसाहेब स्वतः मैदानावर आले.

“वेल्केनो, हा हल्ला नीट झाला की जनरलसाहेब बर्लिनला जाऊन तुमचा कागद हलवतील. शब्द आहे माझा. इतिहास छापायला गेलाय, तुम्ही त्यात शोभून दिसताय. आता फक्त घोड्यावर बसून पुढे या.”

“हल्ला कसा दाखवायचा, कर्नलसाहेब?”

“कसा म्हणजे? झाला तसा!”

“लेखी मिळेल का?”

कर्नल हसले आणि त्यांनी लेखी दिले: ‘व्हिलरोशचा हल्ला प्रत्यक्ष घडला तसाच दाखवण्यात यावा.’ खाली सही, तारीख.

त्या दुपारी कप्तानसाहेब नाट्यगृहात आले. लेमके बिगुल पुसत होता. साहेबांनी कागद त्याच्यासमोर धरला.

“लेमके, अकरा वाजता. तेव्हा वाजवला होतास तोच.”

लेमकेने कागद वाचला, माझ्याकडे बघितले. “साहेब, हल्ल्याचा वाजवू का? तेवढा एक दिवस? कुणाला फरक पडतो? हल्ल्याचाही छान वाजतो माझा.”

“तेव्हा वाजवला नव्हतास.”

मला राहवले नाही. “साहेब, आम्ही रंगभूमीवर रोज खोटं मरतो. कुणाचं काही बिघडत नाही. हल्ल्याचा बिगुल वाजू द्या, मेजर व्हा, मग आयुष्यभर खरं बोला.”

ते खुर्चीवर बसले. पहिल्यांदाच मी त्यांना पाठ टेकून बसलेले पाहिले.

“ब्रोझे, मला मेजर व्हायचंय. इतकं व्हायचंय की घोड्याला खरारा करणाऱ्या शिपायालाही कळतं. पण मी ‘हल्ला’ म्हटलंच नव्हतं. मी ‘थांबा’ म्हणत होतो. न दिलेला हुकूम माझ्या नावावर लावून घेऊ? मग दिलेल्या हुकुमांची किंमत काय राहिली?”

“पण साहेब, उद्या—”

“उद्याचं लेखी आहे,” ते म्हणाले, आणि पुन्हा ताठ झाले.

दुसऱ्या दिवशी ऊन होते. बायकांच्या टोप्या, मांडवात टेबलांवर बदक आणि जिऱ्याची दारू, मधोमध जनरलसाहेब रिसाल्याच्याच एका घोडीवर. मागे झाडीपलीकडे पागा. आम्ही सात फ्रेंच कापडाच्या वाडीत गुडघे टेकून, पळायला सज्ज. समोर कप्तानसाहेब, त्यांच्यामागे शंभरावर घोडे, चकचकीत.

चर्चच्या घड्याळाचे अकरा टोले पडले. लेमकेने बिगुल तोंडाला लावला. त्या दिवशी बदक खाल्लेले नव्हते. सूर अगदी स्वच्छ निघाला.

घोड्यांनी माना वर केल्या. आमच्याकडे एकदा बघितले. मग शंभरच्या शंभर घोडे टाचेवर वळले आणि पागेकडे निघाले. कर्नलसाहेबांचा घोडा निघाला. जनरलसाहेबांची घोडी सगळ्यांत आधी निघाली, कारण तिचे ठाण दारापाशी होते. मांडवातून वाट काढत गेली. बदकाची ताटे, ब्रास बँडचे ढोल, जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्नीची छत्री, सगळे बरोबर गेले.

मैदान रिकामे झाले. कापडाच्या वाडीत आम्ही सात जण उभे. आमच्या नाटकमालकांनी कापडाआडून खुणावले, ‘पळा, पळा!’ पण कुणापासून पळायचे? फ्रान्स त्या दिवशी पोमेरेनियात जिंकला, आणि लोकांनी आम्हाला बटाटे मारले.

जनरलसाहेब पागेत सापडले. घोडीवर ताठ बसलेले, घोडीचे तोंड गव्हाणीत. ते फक्त एवढेच म्हणाले, “पागा स्वच्छ आहे.” आणि तासाभरात बर्लिनची गाडी पकडली.

कर्नल लालबुंद होऊन आले. “वेल्केनो! हे काय केलंत?”

“आदेशाप्रमाणे, कर्नलसाहेब. ‘प्रत्यक्ष घडला तसाच.’ खाली आपली सही आहे.”

“घडला तसा? अहो, तेव्हा घोडे पुढे गेले होते!”

“तेव्हा ओट पुढे होते, साहेब.”

शिक्षा कशाची करणार? हुकूम पाळल्याची करता येत नाही. ऑक्टोबरात निळे पाकीट आले.

इथे कुणीही गप्प अर्ज करून मोकळा झाला असता. कप्तानसाहेब अडले. पाकिटात लिहिले होते, प्रकृतीच्या कारणास्तव अर्ज करावा. आणि त्यांची प्रकृती उत्तम होती. ते लष्करी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी छाती ठोकली, जीभ बघितली, सकाळचे सूप किती जाते ते विचारले.

“दोन वाडगे.”

“कप्तानसाहेब, माफ करा, पण तुम्हाला काहीच झालेलं नाही.”

“काहीतरी बघा. मोठं नको.”

“थोडं टक्कल पडतंय.”

“ते कारण चालेल का?”

चालले नसते. दोन आठवडे अर्ज गेला नाही. कर्नल निरोपावर निरोप धाडत होते. शेवटी एका सकाळी गिरणीमागच्या ओढ्यात कप्तानसाहेब कमरेपर्यंत पाण्यात उभे असलेले गिरणीवालीने पाहिले. हातात घड्याळ.

“साहेब, पाण्यात काही पडलंय का?” तिने काठावरून हाक मारली.

“नाही बाई. आजारी पडतोय.”

एक तास मोजून उभे राहिले. संध्याकाळी दात वाजू लागले, दुसऱ्या दिवशी सडकून ताप. अंथरुणात बसून त्यांनी लिहिले: ‘प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्तीची परवानगी मिळावी.’ त्या कागदावर दोन ठिकाणी शाई फुटली होती. तिथे त्यांना शिंक आली. मी उशाशी होतो. सही झाल्यावर ते म्हणाले, “आता खरं आहे,” आणि झोपले. तीस वर्षांचे घर गेले तरी घोरत होते.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. निवृत्ती मंजूर. आणि जाता जाता मानाची मेजरकी, रिसाल्याचा गणवेश अंगावर घालण्याच्या परवानगीसह. नोकरीत असताना जी मिळाली नाही ती नोकरी काढून घेताना मिळाली. आमच्याकडे निघणाऱ्याला असा मोठेपणा देऊन पाठवतात. ‘तपकिरी हरीण’च्या मालकीणबाई आनंदाने ओरडल्या, “या, या, मेजरसाहेब!” तर त्यांनी दुरुस्त केले, “निवृत्त कप्तान, मेजर म्हणवण्याची मुभा असलेले.” मालकीणबाई म्हणाल्या, “एवढं म्हणेपर्यंत सूप गार होईल हो,” आणि मेजरच म्हणत राहिल्या.

रिसाल्याचा इतिहास छापून आला. पान एकशेबारा: ‘गर्जना करून हल्ल्याचा बिगुल वाजवण्याचा हुकूम दिला.’ मेजरसाहेबांनी आपल्या प्रतीत ती ओळ खोडून वर लिहिले, ‘चंदीचा बिगुल वाजला. हुकूम थांबण्याचा होता.’ मग ते थांबले आणि मला म्हणाले, “ब्रोझे, अजून दोनशे नव्याण्णव आहेत.”

हिवाळ्यात नाट्यगृह बंद असायचे. मी शाईची बाटली घेऊन बरोबर गेलो. साधा माणूस दारात आला असता तर कुत्रे सोडले असते. पण गणवेशातला मेजर दारात उभा राहिला की नोकर टाचा जुळवतो, बाई पदर सावरावा तशी शाल सावरते, आणि पुस्तक आणून देतात. ते उभ्याने पान एकशेबारा काढायचे, दुरुस्त करायचे, ‘तसदीबद्दल क्षमा’ म्हणायचे, आणि पुढचे घर. नगरपालिकेची प्रत झाली, चर्चची झाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्नीने नवी छत्री हलवत विचारले, “म्हणजे माझी छत्री ओटांसाठी गेली?” “हो, बाईसाहेब.” “चला, काहीतरी खरं कळलं.”

लांबच्या जहागिऱ्यांत गाडीने गेलो. दोनशेअकरावी प्रत कर्नल फॉन ष्ट्रेलिन यांची. तोवर त्यांनाही निळे पाकीट आले होते. गव्हाणीसमोर बसलेला जनरल विसरत नसतो. दार त्यांनीच उघडले. घरातला जाड झगा, पायांत लोकरीच्या सपाता, दाढी दोन दिवसांची. मेजरसाहेब गणवेशात. जरा वेळ कुणी कुणाला सलाम करायचा तेच कळेना. कर्नलसाहेबांच्या डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून त्यांनी मान झुकवली.

“तुमचीच वाट बघत होतो,” ते म्हणाले. “सगळ्या पोमेरेनियाची पुस्तकं बिघडवत फिरताय म्हणे.”

“सुधारत, कर्नलसाहेब.”

“बसा. माझी प्रत तिकडे, खिडकीत.”

मेजरसाहेबांनी पान काढले. मी शाई धरली. त्यांनी तीच ओळ तशीच, तितक्याच अक्षरांत लिहिली. कर्नल त्यांच्या खांद्यावरून वाचत होते.

“तुम्ही खरंच ‘थांबा’ म्हणत होतात?”

“दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा घोडा वाडीच्या दारात होता.”

कर्नल खुर्चीत बसले. त्यांचा झगा हलू लागला तेव्हा मला वाटले उबळ आली. ते हसत होते. डोळे पुसून त्यांनी हात पुढे केला.

“द्या ती लेखणी. नुसत्या कप्तानाच्या दुरुस्तीवर कोण विश्वास ठेवेल? कुणी विचारलं तर म्हणावं, वरिष्ठांनी पाहिलीय.”

आणि त्या ओळीखाली त्यांनी सही केली, तारीख घातली. मेजरसाहेब पुस्तकावर वाकले आणि शाई वाळेपर्यंत हलकेच फुंकर घालत राहिले.